रिकाम्या उशीचा आकडा

१

काटेबाईचा एक खाक्या होता. कुठलंही यंत्र हातात आलं की काहीच नसताना ते काय दाखवतं, हे ती आधी बघायची. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात तिची हयात गेली होती. रिकाम्या पारड्यांनी काटा शून्यावर उभा राहत नसेल तर पुढचं वजन तपासण्यात काही अर्थ नाही, हे मालकांनी तिला सुरुवातीलाच शिकवलं होतं. दुसरी गोष्ट शिकवली ती श्वास धरण्याची. औषधं तोलायचे नाजूक तराजू काचेच्या पेटीत असतात. पेटीचं दार उघडून आत डोकावताना माणसाने नुसता सुस्कारा टाकला तरी पारडं हलतं. म्हणून दार उघडायचं, श्वास धरायचा, काटा वाचायचा, दार लावायचं आणि मग काय सोडायचा तो श्वास सोडायचा. काटेबाई इतका वेळ श्वास धरायची की शेजारच्या टेबलावरचा कानशीवाला कानस थांबवून विचारायचा, "बाई, आहात ना? की घरी कळवू?"

तिचा नवरा बेकरीत भट्टीवर, कायमचा रात्रपाळीला. सकाळी ती कामावर निघायची तेव्हा हा भुवयांत मैदा घेऊन दारात हजर. संध्याकाळी ती परतायची तेव्हा हा नुकता उठून चहा टाकत असायचा. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद म्हणायची, "वहिनी, तुमचा संसार म्हणजे एका पलंगाच्या दोन पाळ्या." तसंच होतं ते. भिंतीकडची बाजू त्याची, खिडकीकडची तिची, आणि पलंग अख्खा रिकामा असला तरी दोघंही आपापली हद्द सोडत नसत.

संध्याकाळी आल्या आल्या पाठ टेकायची म्हणून ती आडवी व्हायची, तेव्हा तिची उशी कोमट असायची. खिडकीतून ऊन येत असेल, असं म्हणून तिने तो विषय वर्षानुवर्षं सोडून दिला होता.

मग एकदा कारखान्याची वीज गेली आणि ती भरदुपारी घरी आली. पडदे ओढलेले, खोलीत राखाडी उजेड, आणि नवरा उताणा पडून घोरत होता. ती साडीच्या पदराने घाम टिपत दारातच थांबली. घोरणं एकाएकी तुटलं आणि खोली चिडीचूप झाली. तिने सवयीने स्वतःचाही श्वास धरला आणि वाट बघत राहिली. शेवटी तिच्या छातीत कळ आली, तिला श्वास घ्यावाच लागला, तरी त्याचा काही सुरू होईना. तिच्यापेक्षा जास्त वेळ श्वास धरणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. तिने धावत जाऊन त्याला गदागदा हलवलं. तो मोठ्ठा घोट घेतल्यासारखा दचकून जागा झाला आणि म्हणाला, "अगं, काय झालं? आग लागली का?"

२

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडवळणाने बोलणाऱ्या नव्हत्या. "झोपेत यांचा श्वास अडतो. प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन खाली येतो आणि हृदयावर ताण पडतो. हे असंच चाललं तर एखाद दिवशी ते उठणार नाहीत. मोठ्या तपासणीला नंबर लागायला वेळ आहे. तोवर घरच्या घरी झोपेतला ऑक्सिजन नोंदवणारं एखादं यंत्र घ्या आणि मला आलेख दाखवा. तो वाईट असेल तर मी तपासणीसाठी थांबणार नाही, सरळ मास्कचं मशीन देईन."

"आम्हाला काही होत नाही हो, हिला उगाच काळजी," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," काटेबाई म्हणाली. "तुम्ही झोपलेले असता. तुम्हाला काय कळणार?"

वैद्यकीय सामानाच्या दुकानात तिने दुकानदाराला अगदी घाम फोडला. त्याने आधी बोटाला लावायचा चिमटा काढला. तिने तो बोटाला लावून हात झटकला, चिमटा टपकन खाली पडला. "जागेपणी ठीक आहे. माणूस झोपेत कूस बदलतो," ती म्हणाली. मग त्याने घड्याळ काढलं. त्याने नाडी दाखवली, पावलं दाखवली, बाहेरचं हवामानसुद्धा दाखवलं. पण सलग ऑक्सिजन नोंदवतं का म्हटल्यावर दुकानदार घुटमळला. "अधूनमधून बघतं, ताई."

"अधूनमधून बघून माझं काय भागणार? ते अडतात ते नेमके मधल्या वेळातच."

शेवटी दोन यंत्रं उरली. एक मनगटाला बांधायचं, त्यातून निघालेली वायर आणि तिच्या टोकाला बोटावर चढवायचं मऊ रबरी टोपण. दुसरी एक जाड अंगठी. आकडा फार खाली गेला तर ती थरथरून माणसाला जागं करायची. दोन्हींचे आकडे फोनवर दिसायचे, कारखान्यात बसूनही.

"रिकामं ठेवलं तर काय दाखवतात?" काटेबाईने विचारलं.

दुकानदार हसला. "ताई, इतकी वर्षं दुकान चालवतोय, हे कुणी विचारलं नाही." त्याने अंगठी काउंटरवर ठेवली. फोनवर नुसत्या दोन आडव्या रेघा आल्या. टोपणाचंही तसंच. काटेबाईने मान डोलावली. एका काट्याला साक्षीदार दुसरा काटा लागतोच, म्हणून तिने दोन्ही घेतली. जे खोटं बोलेल ते परत आणायचं, असं ठरलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा झोपायला आला तेव्हा तिने मनगटी यंत्र त्याला बांधलं. अंगठी तिने खिडकीकडच्या आपल्या उशीवर ठेवली, मुद्दाम, रिकामी. घरात, त्याच खोलीत, तिचं शून्य तपासायचं होतं. हे दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं.

"आणि तिला काय तुझ्या उशीचा ऑक्सिजन मोजायचाय?" नवऱ्याने जांभई देत विचारलं.

"झोपा हो तुम्ही."

संध्याकाळी दोघं फोन घेऊन बसले. आधी नवऱ्याचा आलेख उघडला. रेघ वर चालायची आणि धाडकन खड्ड्यात पडायची, पुन्हा वर, पुन्हा खड्डा. आकडा सत्तरच्या खाली उतरला होता. नवरासुद्धा चहा विसरून बघत राहिला. "हा मी आहे?" तो म्हणाला.

मग तिने अंगठीचा आलेख उघडला. तिथे दोन आडव्या रेघा असायला हव्या होत्या, पण चक्क आकडे होते. सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकडा ठणठणीत. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

तिला भीती वाटली नाही, राग आला. यंत्र फसवं निघालं की तिला नेहमी रागच यायचा. अशा यंत्रात लाल दिवा असतो, आणि कापडावरून परत आलेल्या उजेडाला ते कधीकधी नाडी समजून बसतं, एवढं तिला समजत होतं. दुसऱ्या दिवशी तिने पडदे पिनांनी घट्ट बंद केले आणि उशीवर काळा रुमाल अंथरून त्यावर अंगठी ठेवली. संध्याकाळी पुन्हा तेच. यावेळी तिने दोन्ही आलेख एकाखाली एक धरले. जिथे जिथे नवऱ्याची रेघ खड्ड्यात गेली होती, नेमका तिथेच अंगठीचा तुकडा सुरू होत होता. नवरा वर आला की तो तुकडा संपायचा.

तिने फोन पालथा ठेवला.

"वहिनी, चेहरा का असा?" नणंद चहाला खाली आली होती. "काय म्हणतं मशीन?"

"मशीन खोटं बोलतंय असं म्हणावंसं वाटतंय," काटेबाई म्हणाली. "पण खोटं बोलणारा काटा इतका शिस्तीत वागत नाही."

४

कारखान्यात अशा वेळी अदलाबदल करतात. डावीकडचं वजन उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. चूक जिच्याबरोबर सरकेल ती वस्तू दोषी. काटेबाईने अंगठी नवऱ्याच्या बोटात घातली आणि मनगटी यंत्राचं रबरी टोपण उशीवर ठेवलं. संध्याकाळी खड्डे सगळे अंगठीत होते आणि ठणठणीत तुकडे टोपणात. चूक यंत्राबरोबर सरकली नव्हती. ती उशीवरच राहिली होती.

मग तिने अंगठी स्वयंपाकघरात ठेवून बघितली. रेघा. खुर्चीवर, कपाटात, नवऱ्याच्या पायाशी, सगळीकडे रेघा. फक्त तिच्या उशीवर, आणि तेही तो झोपलेला असतानाच, आकडे.

आणि सुट्टीच्या दिवशी तिला आणखी एक गोष्ट दिसली. दिवसभर ती घरात होती. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची उंच भिंत होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खिडकीतून उन्हाची एक तिरीपसुद्धा पलंगावर आली नाही. संध्याकाळी तिने उशीवर हात ठेवला. उशी कोमट होती.

आता मात्र ती घाबरली. स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला धरून उभी राहिली. तिला रडायचं होतं, पण रडून काय होणार होतं? बाहेर नवरा शिट्टी वाजवत बुटांना पॉलिश करत होता. हा माणूस मला हवाय, ती मनाशी म्हणाली. बाकी काय असेल ते असो, तो मी सोडणार नाही.

५

"तराजू घरी?" मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "कशाला? नवऱ्याला तोलायचंय का?"

"हो. कमी भरतोय का बघते," ती म्हणाली. मालक हसले आणि पेटी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. नवरा झोपल्यावर काचेची पेटी आपल्या बाजूच्या छोट्या टेबलावर, उशीच्या अगदी जवळ ठेवली. पंखा बंद. पडदे बंद. तराजू समतोल केला, शून्य बघितलं आणि पेटीचं दार उशीच्या बाजूने उघडं ठेवलं. स्वतः ती पायथ्याशी खुर्ची टाकून बसली, तोंडावर पदर धरून, म्हणजे तिचा श्वास पारड्यापर्यंत पोचू नये.

नवरा घोरत होता. काटा उभा होता, जराही हलत नव्हता. नळ गळत होता. वर नणंदेच्या घरात कुणीतरी पाट सरकवला.

घोरणं तुटलं.

तिनेही श्वास धरला. आता खोलीत श्वास घेणारं कुणी नव्हतं. उशीजवळचं पारडं हळूच वर गेलं. मग खाली आलं. मग वर. सावकाश, निवांत, पोटभर झोपलेल्या माणसासारखं. काटा एकीकडे झुके, थांबे, दुसरीकडे झुके. भिंतीकडे नवऱ्याच्या ओठांवर निळसर झाक आली आणि इकडे काटा झुलतच राहिला.

"उठा," ती ओरडली. "अहो, उठा!"

तो धापा टाकत उठून बसला. त्याच क्षणी पारडं थांबलं. पण काटेबाई तराजूकडे बघत नव्हती. तिची नजर उशीवर होती. उशीच्या मधोमध एक खळगा होता, आणि तो खळगा हळूहळू तिच्या दिशेने सरकत होता. झोपमोड झालेलं माणूस कुणी ओरडलं ते बघायला मान वळवतं, तसा.

"झोपू दे ना गं," नवरा पुटपुटला आणि पुन्हा कलंडला.

६

डॉक्टरीणबाईंनी आलेख बघितला आणि शब्दाला जागल्या. मास्कचं मशीन लगेच मिळालं. लांब नळी, नाकावर बसणारा मऊ मास्क, आणि संथ घरघर.

"वैमानिक दिसतोयस रे दादा," नणंद म्हणाली. नवऱ्याने तिला मास्कखालून जीभ दाखवली. कितीतरी दिवसांनी काटेबाई मनापासून हसली.

पहिल्या दिवशी ती पुन्हा घरीच थांबली. मनगटी यंत्र त्याला, अंगठी उशीवर, फोन हातात. त्याचा आकडा सत्त्याण्णववर चढला आणि तिथेच राहिला. खड्डा नाही, घोरणं नाही. झोपेत त्याच्या चेहऱ्यावर तरुणपणीचा रंग आला. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

मग उशीवर अंगठी थरथरली.

फोनवर अंगठीचा आकडा होता नव्वद. मग त्र्याऐंशी. मग चौऱ्याहत्तर. रिकाम्या उशीवर अंगठी टर्र टर्र करत कुणाला तरी उठवू बघत होती. आणि काटेबाईला आवाज ऐकू आला. कोरड्या घशाने हवेचा घोट घ्यायचा आणि तो न मिळायचा, तो आवाज. तिच्या उशीवरून. चादर मुठीत धरल्यासारखी चुरगळली.

ती जागची हलली नाही. मर मेल्या, ती मनात म्हणाली. मर एकदाचा.

तेवढ्यात मास्कची नळी ताणली गेली. कुणी ओढली नव्हती, पण ती खिडकीच्या बाजूला वळली आणि तशीच ताणून राहिली. मशीनची घरघर चढली. मनगटी यंत्राचा आकडा सत्त्याण्णववरून ब्याण्णव झाला, मग पंच्याऐंशी. मशीन जीव तोडून हवा ढकलत होतं आणि ती हवा नवऱ्यापर्यंत पोचत नव्हती.

"उठा!" तिने त्याला हलवलं. तो उठेना. गालावर चापट मारली. उठेना. ओठ पुन्हा निळे.

काटेबाईने क्षणभर दोन्ही बाजूंना बघितलं, एकदा भिंतीकडे, एकदा खिडकीकडे. मग ती पलंगाला वळसा घालून खिडकीकडे गेली. अंगठी उचलून स्वतःच्या बोटात सरकवली आणि आपल्या जागी आडवी झाली. उशी कोमट होती आणि खळगा तिच्या डोक्याला बरोबर बसला. कानामागे काहीतरी तडफडत होतं.

"त्यांना सोड," ती छताकडे बघत म्हणाली. "त्यांना याची सवय नाही. मला आहे. माझा घे."

आणि तिने श्वास सोडला, सगळाच्या सगळा, आणि पुन्हा घेतला नाही.

छातीत कळ आली. ती वाट बघत राहिली. कळ वाढली आणि मग अचानक निघून गेली. पलीकडे नळी सैल पडली, मशीनची घरघर उतरली, आणि नवऱ्याने खोल, संथ, गाढ झोपेतला श्वास घेतला. तिने फोन डोळ्यांसमोर धरला. त्याचा आकडा वर चढत होता, शहाण्णव, सत्त्याण्णव. तिने श्वास अजूनही घेतला नव्हता. अंगठीचा आकडा होता अठ्ठ्याण्णव.

तिच्या मानेवर कोमट झुळूक आली. गेली. पुन्हा आली.

७

नवऱ्याची तब्येत सुधारली. त्याचं वजन वाढलं, चिडचिड गेली, आणि दिवसा तो लहान मुलासारखा झोपू लागला. डॉक्टरीणबाई आलेख बघून म्हणाल्या, "वेळेवर आणलंत." नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्या हट्टाने दादा वाचला." ते खरंच होतं.

अंगठी तिने दुकानदाराला परत दिली नाही. "दोन्ही खरी निघाली," ती म्हणाली.

तराजू तिने कारखान्यात परत नेला, तेव्हा मालकांनी तो पुन्हा तपासायला तिच्याच टेबलावर ठेवला. काटेबाईने पेटीचं दार उघडलं, सवयीने तोंड आत नेलं आणि काटा बघत बसली. बराच वेळ गेला. कानशीवाल्याची कानस थांबली.

"बाई, श्वास सोडा आता."

"सोडलाय की," ती म्हणाली.

आणि खरंच, ती बोलत होती, तोंड पारड्यापासून बोटभर अंतरावर होतं, आणि पारडं हललं नव्हतं. तिने ओठ गोल करून मुद्दाम फुंकर घातली. काटा शून्यावर उभा राहिला.

पर्समधून तिने अंगठी काढली आणि आपल्या बोटात घातली. फोनवर दोन आडव्या रेघा आल्या. तिने अंगठी पुसली, दुसऱ्या बोटात घातली. दोन आडव्या रेघा. शेजारच्या रिकाम्या स्टुलावर तिचा हात टेकला, तर ते कोमट होतं. तिथे अंगठी ठेवली, तर फोनवर अठ्ठ्याण्णव.

मग तिने दुसरा आलेख उघडला. घरी पडदे ओढून नवरा झोपला होता. सत्त्याण्णव. ती त्या आकड्याकडे डोळे भरून बघत राहिली.

"काय निघालं?" कानशीवाल्याने विचारलं. "खराब झालाय का?"

"नाही," काटेबाई म्हणाली आणि पेटीचं दार लावलं. "शून्य बरोबर आहे."

आणि तिने पुढचा काटा ओढून घेतला.